निखळलेला खांदा, खेप तिसरी (नेरूळमधलं एक छोटं हॉस्पिटल)

गणपतीच्या मखराचं खोकं माळ्यावरून काढताना उजवा खांदा निखळला. तिसऱ्यांदा! त्यामुळे तुलना करायला माझ्याकडे मालमसाला भरपूर आहे.

पहिल्यांदा कॉलेजात, कबड्डी खेळताना. मैदानावरच्या एका जाणकाराने (स्वतःच्या मते) काखेत टाच रोवली आणि हात ओढला. ही पद्धत थेट प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावावर आहे. खांदा बसला, पण एक्स-रे नाही, काही नाही. हाड मोडलेलं असतं तर?

दुसऱ्यांदा पावसात पारसिक हिलवर घसरले. तेव्हा ज्या हॉस्पिटलात नेलं तिथे कोपर वाकवून हात बाहेरच्या बाजूला फिरवला, मग कोपर छातीवरून पलीकडे नेलं आणि हात आत वळवला. कोखरची १८७० सालची पद्धत. ती हळूहळू, न ओढता करायची असते. शिकाऊ डॉक्टरला मात्र घाई होती, मला घाम फुटला.

यावेळी कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरबाईंनी आधी दंडाच्या बाहेरच्या बाजूला कापूस फिरवून विचारलं, "इथे कळतंय?" तिथली नस दबलेली नाही ना, हे बघायचं असतं. मागच्या दोन्ही वेळी हे कुणी केलंच नव्हतं. एक्स-रेनंतर मला खुर्चीत ताठ बसवलं, माझा पंजा स्वतःच्या खांद्यावर ठेवून घेतला आणि मान, खांदा, दंड नुसते चोळत राहिल्या. "मी ओढणार नाही. तुम्ही फक्त खांदे मागे घ्या." मध्येच म्हणाल्या, "मखर कसलं करताय?" मी पुठ्ठ्याच्या कमानींबद्दल सांगत होते तेवढ्यात आत काहीतरी सरकलं. कट्कन आवाजसुद्धा नाही. भूलही दिली नव्हती. ही कनिंगहॅमची पद्धत, २००३ ची. स्नायू आवळलेले असले की हाड जागेवर जात नाही, म्हणून ते सैल पडायची वाट बघायची. रुग्ण घाबरलेला असेल तर जमेलच असं नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

बाकी आनंद आहे. एक्स-रेसाठी पाऊण तास, तोही लोंबता हात मांडीवर धरून. बिलातला 'इतर' म्हणजे काय, हे काउंटरवर कुणालाच सांगता आलं नाही. स्लिंगचा पट्टा मानेला काचतो, आत जुन्या साडीचा तुकडा घातलाय.

डॉक्टरबाईंना पाचपैकी पाच, काउंटरला दोन. मखराचं खोकं अजून माळ्यावरच आहे.