ऑक्सिजन सेन्सर: स्कॅनर, मल्टिमीटर की थेट नवा?

जुन्या पिकअपचा चेक इंजिनचा दिवा लागला आणि कोडमध्ये ऑक्सिजन सेन्सरचं नाव दिसलं, की बरेच जण लगेच नवा सेन्सर बसवतात. हा मार्ग मला सगळ्यात कमी पटतो. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन किती उरलाय, एवढंच सेन्सर सांगतो. पी०१७१, म्हणजे मिश्रणात इंधन कमी, असा कोड आला तर बहुतेक वेळा त्याचं म्हणणं खरं असतं. व्हॅक्युमचा पाइप (इंजिनच्या हवा ओढणाऱ्या बाजूला जोडलेली नळी) तडकलेला असतो किंवा इंधनाचा दाब कमी पडतो. सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनमधून निघणारा धूर गोळा करणाऱ्या भागाला) चीर असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि रीडिंग चुकतं. अशा वेळी थंड इंजिन सुरू करताना टिकटिक ऐकू येते. तिथे नवा सेन्सरही तेच दाखवणार.

गाडीला ओबीडी-२ (दोष स्वतः नोंदवणारी संगणक प्रणाली) असेल तर आधी स्कॅनर लावा, पण चालू इंजिनचे आकडे दाखवणारा. नुसता कोड वाचणारा उपयोगाचा नाही. इंजिन गरम झाल्यावर नेहमीच्या झिर्कोनिया प्रकारच्या पुढच्या, म्हणजे इंजिनजवळच्या, सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखं वरखाली व्हायला हवं. सेन्सर मंदावलाय का, हे आलेखावर चटकन कळतं. मीटरच्या आकड्यांवर ते नीट पकडता येत नाही.

पी०१३५सारखा हीटरचा, म्हणजे सेन्सरला तापवणाऱ्या भागाचा, कोड आला तर मात्र मल्टिमीटरच हवा. सेन्सर थंड असताना कनेक्टर काढून हीटरच्या दोन वायरींमधला रोध मोजा. त्या बहुधा एकाच रंगाच्या असतात. काही ओहम आले तर हीटर शाबूत. मीटर अनंत दाखवत असेल तर हीटर तुटलाय. हीटर ठीक निघाला तर गाडीकडच्या बाजूला १२ व्होल्ट येतात का ते पाहा, कारण अनेकदा फ्यूजच उडालेला असतो. ओबीडी-२ च्या आधीच्या गाडीत सिग्नलही मीटरवरच बघावा लागतो. त्यासाठी डिजिटल मीटरच घ्या आणि पिन कनेक्टरच्या मागून घाला, वायर टोचू नका. अनेक सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या आवरणातूनच मिळते. आता गरम इंजिन चालू ठेवून व्हॅक्युमचा एक पाइप क्षणभर काढा. व्होल्टेज लगेच खाली आलं तर सेन्सर जिवंत आहे.

थेट बदलणं मला एकाच ठिकाणी पटतं: हीटर नसलेला, एका वायरीचा सेन्सर ८० हजार किलोमीटरच्या पुढे गेला असेल तर. तो काढायचा झाला तर इंजिन कोमट असतानाच काढा, थंड झाल्यावर आटे धरून बसतात.