सात महिने मौंजारो: खर्चाची वही उघडून सांगते

2025 च्या जूनच्या 15 तारखेला, रविवारी, वजन उतरवणाऱ्या मौंजारोचं पहिलं इंजेक्शन घेतलं तेव्हा वजन 94.2 किलो होतं. आज सकाळी काट्यावर 81.6. वय 47, उंची पाच फूट दोन, बीपीची गोळी सहा वर्षांपासून, साखर काठावर. औषधाने काम केलं, हे आधीच सांगते. पण कॉलेजातल्या मैत्रिणी, शेजारच्या वहिनी, नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर भेटणाऱ्या बायका, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: "महिन्याला किती लागतात गं?" त्याचं एका आकड्यात उत्तर देता येत नाही आणि दिलं तर समोरची फसते. मी तशीच फसले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

गंगापूर रोडवरच्या डॉक्टरांनी पहिल्या महिन्यासाठी 2.5 मिलिग्रॅमच्या चार बाटल्या लिहून दिल्या. तेव्हा हे औषध छोट्या बाटलीत यायचं, एक बाटली म्हणजे एका आठवड्याचा डोस, छापील किंमत 3,500. चार आठवड्यांचे 14,000. घरी आल्यावर आम्ही दोघांनी कॅल्क्युलेटर घेऊन 14,000 गुणिले सहा केलं, 84,000 आले. ह्यांनी बोनसचे पैसे बाजूला काढले आणि विषय मिटला.

तिथेच चुकलं. 2.5 हा डोस शरीराला सवय लागावी म्हणून असतो. चार आठवड्यांनी 5 वर जायचं असतं आणि 5 ची बाटली 4,375 ची, म्हणजे महिना 17,500. त्यापुढे गरजेप्रमाणे 7.5, 10, असं करत 15 पर्यंत. ऑगस्टमध्ये हेच औषध भरलेलं, चार आठवड्यांचं इंजेक्शनचं पेन आलं तेव्हा 7.5 आणि 10 चं पेन 22,000 ला होतं, 12.5 आणि 15 चं 27,500 ला. 14,000 वर कुणी थांबत नाही. डॉक्टरांनी हे लपवलं नव्हतं, कागदावर डोसची शिडी काढून दाखवली होती. प्रत्येक पायरीची किंमत मी विचारली नाही.

दुसरी गोष्ट तर ध्यानातच आली नव्हती. इंजेक्शन आठवड्याला एक आणि पेनात चार डोस. म्हणजे पेन 28 दिवसांत संपतं, महिन्यात नाही. वर्षाचे आठवडे 52, म्हणून वर्षाला पेनं तेरा लागतात. 7.5 वर राहिलं तर, सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी उतरल्यावरच्या 20,625 च्या भावाने, 2,68,125 रुपये. बारा महिन्यांचा हिशोब करून बसलात तर अख्खं एक पेन कमी धरलं जातं.

आता माझी वही. जूनमध्ये 14,000. जुलै आणि ऑगस्टला 5 च्या बाटल्या, 17,500 प्रमाणे. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात 7.5 चं पेन, 22,000. 22 सप्टेंबरला औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आणि तेच पेन 20,625 ला मिळायला लागलं. तशी चार पेनं घेतली, त्यातलं चौथं आता चालू आहे. बेरीज 1,53,500. सगळीकडे छापील किंमत धरली आहे.

या बेरजेत 8,750 अजून मिळवायचे आहेत आणि त्यांची हळहळ अजून जात नाही. जुलैत गोळे कॉलनीतल्या औषधांच्या दुकानातून बाटल्या आणल्या. दुकानदाराने थर्मोकोलच्या डब्यात बर्फाची पाकिटं घालून दिली होती, मी गाडीवर पुढे पायांशी धरून आणल्या. औषध 2 ते 8 अंशांत ठेवायचं, एवढं पाठ होतं. म्हणून फ्रिजच्या सगळ्यात गार कप्प्यात, मागच्या भिंतीला टेकवून ठेवल्या. आठ दिवसांनी बाहेर काढल्या तर दोन बाटल्यांच्या काचेवर आतून बारीक स्फटिक, पाणी गोठल्यासारखं. बाहेर ठेवून पाहिलं, परत नितळ झालं. वापरता येईल का विचारायला डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, एकदा गोठलं की फेकायचं, नितळ दिसलं तरी." दोन्ही फेकल्या, दोन नव्या घेतल्या. तेव्हापासून औषध मधल्या कप्प्यात, लोणच्याच्या बरणीशेजारी, छोट्या प्लास्टिकच्या डब्यात असतं आणि डब्यात बारका थर्मामीटर. सासूबाई सुद्धा फ्रिज उघडला की आकडा बघून मला सांगतात.

तपासण्या, डॉक्टरांची फी, सिरिंज आणि पेनाच्या सुया (त्या पेनासोबत येत नाहीत, दर वेळी नवी लागते) यांचे मिळून 12,000. एकूण 1,74,250. ह्यांनी भागाकार करून किलोमागे साधारण 13,800 असा आकडा काढला. मला तो आवडला नाही, पण खरा आहे.

विम्याचं सांगते, कारण मी त्यात दोन महिने घातले. आपल्याकडच्या पॉलिसीत लठ्ठपणावरचे उपचार अपवादांच्या यादीत असतात. विमा नियामकाने या अपवादाचे शब्द ठरवून दिले आहेत: शस्त्रक्रियेला पैसे मिळू शकतात, पण बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) 40 किंवा त्यावर हवा, नाहीतर 35 किंवा त्यावर असून गंभीर जोडआजार हवा, जसं की हृदयविकार, तीव्र स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह. माझा बीएमआय 38 होता, बीपी होतं, पण या यादीत मी बसत नव्हते. इंजेक्शनांचे पैसे तर मिळतच नाहीत, शिवाय ओपीडीचा खर्च बहुतेक पॉलिसीत नसतोच. क्लेमच्या आशेवर बिलं जपून ठेवत होते, तो वेळ वाया गेला. पॉलिसीच्या कागदातलं ते एक पान आधी वाचा.

खर्च वाचवण्याच्या युक्त्या या काळात खूप ऐकल्या. एका ओळखीच्या बाईंनी जास्त ताकदीचं पेन आणून ते थोडं थोडं वाटून घ्यायला सुरुवात केली होती, कारण 15 च्या पेनात 5 च्या पेनाच्या तिप्पट औषध आणि किंमत दुप्पट सुद्धा नाही. हिशोब म्हणून मलाही मोह झाला. डॉक्टर स्पष्ट नाही म्हणाले: पेन उघडल्यावर 30 दिवसांत टाकायचं असतं आणि अंदाजाने घेतलेला डोस थोडा चुकला तरी उलट्यांनी माणूस आडवा होतो. त्या बाईंना सलाईन लावावं लागलं. जिममध्ये पावडरच्या कुप्या विकणारेही भेटले, निम्म्याहून कमी भावात, ना बिल ना बॅच नंबर. अशी कुप्पी कुणी पोटात टोचून घेऊ नये असं मला अगदी कळकळीने वाटतं.

त्रासाचं थोडक्यात. पहिले दोन महिने मळमळ, नंतर बद्धकोष्ठता. सकाळी मिसळीचा वास आला की पोटात ढवळायचं. भूक इतकी कमी झाली की मुद्दाम आठवण ठेवून प्रोटीन खावं लागलं: पनीर, अंडी, मोड आलेली मटकी. स्नायू झडू नयेत म्हणून आठवड्यातून दोनदा वजनं उचलते. आणि अकरा ब्लाऊज आत घ्यायला टाकले, शिंप्याचे पैसे वहीत वेगळे लिहिले आहेत. बीपीची गोळी डॉक्टरांनी ऑक्टोबरमध्ये अर्धी केली.

ज्याचा विचार पहिल्या दिवशी व्हायला हवा होता ते आता. थांबवलं तर काय? याच औषधाच्या एका मोठ्या चाचणीत सगळ्यांना 36 आठवडे औषध दिलं, मग निम्म्यांना नुसतं पाणी टोचलं. पुढच्या वर्षभरात त्यांचं वजन सरासरी 14 टक्के परत वाढलं, ज्यांचं चालू होतं त्यांचं अजून साडेपाच टक्के उतरलं. म्हणजे हा सहा महिन्यांचा कोर्स नाही, बीपीच्या गोळीसारखं आहे. 84,000 बाजूला काढताना आम्ही एखाद्या ऑपरेशनचा खर्च धरावा तसा धरला होता. धरायला हवा होता दर वर्षीचा, मुलाच्या फीसारखा.

बाजार मात्र हलतोय. वेगोवी, वजनासाठीचंच दुसरं इंजेक्शन, भारतात जून 2025 मध्ये 17,345 ला आलं होतं, नोव्हेंबरमध्ये सुरुवातीचा डोस 10,850 वर उतरवला. डिसेंबरमध्ये ओझेम्पिक 8,800 पासून आलं, ते मधुमेहासाठी. दोन्हींत सेमाग्लुटाइड आहे आणि त्याचं भारतातलं पेटंट मार्च 2026 पर्यंतचंच, त्यानंतर आपल्या कंपन्यांनाही ते औषध काढता येतं. मौंजारोतलं टिर्झेपॅटाइड वेगळं, त्याला हे लागू नाही. म्हणून आत्ता कुणी सुरू करायचं म्हणत असेल आणि घाईचं कारण नसेल, तर मी तिला आधी सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपॅटाइड दोन्हींचे भाव शेजारी शेजारी लिहायला सांगते, तेही तीन वर्षांचे.

माझ्या पेनात एक डोस शिल्लक आहे, 18 तारखेचा. त्याआधी शुक्रवारी डॉक्टरांकडे जायचंय. 7.5 वरून 5 वर उतरून वजन टिकतं का ते बघावं, असं मी विचारणार आहे. तसं जमलं तर पेन 16,406 ला पडेल, तेरा पेनांमागे वर्षाला साधारण 55,000 वाचतील. वहीत त्याचं पान आखून ठेवलंय, डाव्या बाजूला तारीख, मध्ये वजन, उजवीकडे रुपये.