अँटिबॉडी शिबिर, माणशी 450 रुपये: पाचपैकी दोन तारे

2021 साल, पोळ्याला दहा दिवस होते. कपाशी पात्या-फुलांवर आलेली, फवारणीच्या औषधांसाठी माझ्या कृषी केंद्रात सकाळपासून गर्दी. त्यातच भोंग्यावरून पुकारा झाला की तालुक्याच्या एका लॅबची माणसं येणार, रक्त घेणार, त्यातल्या अँटिबॉडी (कोरोनाच्या विषाणूला ओळखून लढणारी प्रथिनं) तपासणार आणि गावाची प्रतिकारशक्ती किती ते कागदावर लिहून देणार. एकट्यानं घाटंजीला जाल तर 700 रुपये, गावात दिलं तर 450. पन्नासच्या वर माणसं जमली तर गावाचं प्रमाणपत्र फुकट. लॅबचं नाव लिहीत नाही. सुई टोचणारा पोरगा ओळखीचा आहे आणि त्याचं काम मला आवडलं.

लोक पैसे द्यायला का तयार झाले, तेही सांगतो. जुलैच्या शेवटी आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) चौथ्या सिरो सर्वेक्षणाचे, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडी मोजणाऱ्या पाहणीचे, आकडे आले. देशात सहा वर्षांवरच्या 67.6 टक्के लोकांच्या रक्तात अँटिबॉडी, मध्य प्रदेशात 79, आपल्या महाराष्ट्रात 58. हे सर्वेक्षण चारही वेळा त्याच 70 जिल्ह्यांत झालं. त्यात महाराष्ट्राचे सहा: बीड, परभणी, नांदेड, सांगली, नगर, जळगाव. विदर्भाचा एकही नाही. पारावर कोणीतरी म्हणालंच, "मोजमापातही अनुशेष!" फेब्रुवारीत अमरावती, अकोला, यवतमाळकडे रुग्ण वाढायला लागले तेव्हा बाकी राज्य निवांत होतं. म्हणून आपणच आपलं मोजू, असं सगळ्यांच्या डोक्यात बसलं. माझ्याही.

गाडी नऊची सांगून पावणेबाराला आली. तोवर निंदणाच्या बाया कधीच वावरात गेल्या होत्या. शाळेच्या व्हरांड्यात टेबल, बर्फाचा डबा, पिवळ्या झाकणाच्या नळ्या. पोराचा हात मात्र सोन्यासारखा. "काका, मूठ आवळा, तिकडं पाहा," म्हणेपर्यंत काम झालं, डाग नाही की सूज नाही. एक तारा त्याचा. दुसऱ्या दिवशी रात्री नऊला मोबाइलवर रिपोर्ट आला, तो दुसरा तारा. इथून पुढं तारे संपले.

मी कोविशील्डचे दोन्ही डोस घेतलेले, दुसरा जूनमध्ये. बायकोला आरोग्य केंद्रात कोव्हॅक्सिन मिळालं. आम्हा दोघांनाही कोरोना झाल्याचं काही लक्षात नाही. रिपोर्टात माझा आकडा 0.11, म्हणजे अँटिबॉडी सापडल्या नाहीत, पुढं "नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह". तिचा "रिअ‍ॅक्टिव्ह". ती म्हणते, "माह्या रक्तात हाय अन् तुमच्या नाई. मंग दोन सुया तुमाले पान्याच्या देल्ल्या काय?" रात्रभर झोप नाही. सकाळी लॅबच्या सेंटरला फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की तुमची इम्युनिटी कमी आहे, आमच्याकडं काढ्याची पावडर आहे, 850 ला. पोरगा गावात येणारच होता, त्याच्या हाती पाठवूनही दिली. मी घेतली. माणूस घाबरला की असाच पैसा देतो, हे मी फवारणीच्या धंद्यात रोज पाहतो, तरी घेतली.

उलगडा आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडमनी केला, तोही दोन मिनिटांत. रिपोर्टच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं होतं: न्यूक्लिओकॅप्सिड. म्हणजे विषाणूच्या आतलं प्रथिन. विषाणूच्या अंगावर जे काटे असतात ते स्पाइक, आणि कोविशील्ड शरीराला फक्त तो काटा ओळखायला शिकवते. आतलं प्रथिन माझ्या शरीरानं कधी पाहिलंच नाही, तर त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडी निघणार कुठून? कोव्हॅक्सिनमध्ये मारलेला अख्खा विषाणू असतो, त्यामुळं तिच्यात दोन्ही निघू शकतात. लस लागू पडली की नाही ते पाहायचं, तर माझी तपासणी स्पाइकची हवी होती. "आणि तीही कशाला करता?" मॅडम म्हणाल्या. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, मे महिन्यातच सांगून ठेवलंय की लशीनंतर संरक्षण किती आहे ते ठरवायला या तपासण्या वापरू नका. रक्तातल्या अँटिबॉडी उतरल्या तरी शरीराची आठवण मागं राहते, ती या नळीत दिसत नाही.

शिबिरात एकानंही विचारलं नाही की कोणती लस घेतली, कोरोना झाला होता का. फॉर्मवर नाव, वय, मोबाइल, बस. एकाच नावाच्या दोघा जणांचे रिपोर्ट अदलाबदल झाले, ते वयावरून सापडलं. त्यांनी दुरुस्त करून पाठवले, आणि भरपाई म्हणून दोघांना शुगर फुकट तपासून देऊ म्हणाले.

आता ते प्रमाणपत्र. 52 जणांनी रक्त दिलं, 37 रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणून "गावाची सामूहिक प्रतिकारशक्ती 71 टक्के", सोनेरी किनार, शिक्का. सरपंच खूश.

माझ्या दुकानात माती परीक्षणाच्या पिशव्या असतात. वर्षानुवर्षं मी एकच गोष्ट सांगत आलो: नमुना धुऱ्याजवळचा घेऊ नका, उकिरड्याजवळचा नको, झाडाखालचा नको. नागमोडी चाला, आठ-दहा जागची माती घ्या, मिसळा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, पुन्हा मिसळा. अर्धा किलो उरेपर्यंत. नाहीतर प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी रिपोर्ट उकिरड्याचा येतो, वावराचा नाही. या शिबिरात कोण आलं? चौकातले दुकानदार, ज्यांच्या खिशात 450 होते ते, आणि ज्यांना एप्रिलमध्ये ताप येऊन गेला होता आणि आता खात्री करायची होती ते. बाया मोजून नऊ. लेकरं नाहीत. नाल्यापलीकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडावरून (वस्तीवरून) एकही माणूस नाही, तिथं पुकारा ऐकूच जात नाही. हा झाडाखालचा नमुना.

आयसीएमआरवाल्यांनी जिल्ह्यात दहा गावं-वॉर्ड निवडली आणि प्रत्येकी 40 च्या आसपास माणसं घेतली, तीही चिठ्ठी काढल्यासारखी. कोणाला यायचंय ते विचारून नाही. म्हणून त्यांचे 400 नमुने जिल्ह्याबद्दल काही बोलतात, आमचे 52 फक्त 52 जणांबद्दल बोलतात. शिवाय त्या 37 मध्ये रोगानं किती आणि कोव्हॅक्सिननं किती, हेही वेगळं करता येत नाही. आणि कोविशील्डवाले माझ्यासारखे लस घेऊनही उणे. खिचडी आहे ती, टक्केवारी नव्हे.

मी पोराला किट कोणती ते विचारलं, तर म्हणे, "चांगल्या कंपनीची हाय काका." हे विचारायला हवं, कारण किटही चुकते. पुण्याच्या एनआयव्हीनं (राष्ट्रीय विषाणू संस्थेनं) केलेली कवच एलायझा ही अँटिबॉडी तपासायची किट घ्या: रोग न झालेल्या शंभरांपैकी साधारण 98 जणांना ती बरोबर "नाही" म्हणते. चांगलीच आहे. पण मे-जून 2020 मध्ये आयसीएमआरच्या सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत देशात लागण होती 0.73 टक्के. हजारात सात खरे, आणि नुसती एकच किट वापरली असती तर वीस खोटे. म्हणून त्या फेरीत निघालेले पॉझिटिव्ह दुसऱ्या किटवर पुन्हा तपासले होते.

सरपंचांना मी मनौसची गोष्ट सांगितली. ब्राझीलमधलं शहर. ऑक्टोबर 2020 पर्यंत तिथल्या 76 टक्के लोकांना लागण होऊन गेली असा अंदाज निघाला, आणि जानेवारी 2021 मध्ये त्याच शहरात ऑक्सिजनसाठी हाहाकार झाला. विषाणूचा नवा प्रकारही आला होता, ते खरं. पण तो अंदाज रक्तदात्यांच्या रक्तावरून काढला होता. तिथंही जे आपल्या पायानं आले त्यांचंच रक्त. सरपंच म्हणाले, "भाऊ, ब्राझील कुठं अन् आपन कुठं," आणि कागद लॅमिनेट करायला पाठवला. सध्या तो पंचायतीत, पाणीपट्टीच्या थकबाकीदारांच्या यादीशेजारी लावला आहे. शिबिरानंतर चौकातले मास्क उतरले, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

कोणाच्या गावात हे शिबिर येणार असेल तर पैसे भरायच्या आधी तीन गोष्टी विचारा: तपासणी स्पाइकची की आतल्या प्रथिनाची, किट कोणती, आणि माणसं कोण निवडणार. तिसऱ्यावर "जे येतील ते" असं उत्तर आलं तर 450 मध्ये सध्या माझ्याकडं किडीचे पतंग पकडणारे दोन कामगंध सापळे ल्यूरसकट (आमिषासकट) येतात आणि वर पैसे परत. पावडरचं पाकीट फोडलेलं नाही, कोणाला हवं असेल तर अर्ध्या किमतीत घेऊन जा.