गुडघ्यातली इंजेक्शनं: कुठलं घ्यावं, कुठलं टाळावं

सांधेदुखीवर सर्वांत लवकर उतार देणारं इंजेक्शन स्टेरॉइडचं. गुडघ्यात साधारण ४० मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोन, बहुधा भूल देणाऱ्या औषधासोबत. सांधा सुजून पाणी झालं असेल तर आधी ते काढून घेतात. नुसत्या त्यानेच ताण हलका होतो. आराम मात्र काही आठवड्यांचाच, फार तर तीन महिने. दर १२ आठवड्यांनी, दोन वर्षं हेच इंजेक्शन दिलेल्या रुग्णांची कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) अधिक झिजली आणि दुखणं नुसतं सलाइन (मिठाचं पाणी) टोचलेल्यांइतकंच राहिलं, असं २०१७ च्या चाचणीत दिसलं. म्हणून ठरावीक अंतराने टोचत राहणं आम्हाला पटत नाही. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर चढते, ती रोज तपासाच.

हायल्युरॉनिक आम्लाचा (सांध्यातल्या वंगणासारखं औषध) सरासरी फायदा सलाइनपेक्षा जेमतेम जास्त. पीआरपीत (रुग्णाच्याच रक्तातून काढलेला, प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी जास्त असलेला द्रव) प्लेटलेटचं प्रमाण प्रत्येक किटनुसार बदलतं. ‘कूर्चा पुन्हा उगवते’ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

सुई अल्ट्रासाउंडखाली घालणं उत्तम, विशेषतः खुब्यात. नंतर ताप, लाली, वाढती कळ आली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सांधा बदलायचा ठरला असेल, तर आधीचे तीन महिने इंजेक्शन नको. जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.