सपाट बुडाची होडी, विजेची मोटर आणि गोसेखुर्दचे उथळ पाणी : आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघा भावांनी मिळून १२ फुटी, सपाट बुडाची फायबरची होडी आणि तिला मागे लावायची ५५ पौंड रेट्याची विजेची मोटर घेतली. जूनपर्यंत आंभोऱ्याच्या आसपास, गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्यात, आमच्या तीसेक फेऱ्या झाल्या. त्यामुळे विक्रेत्याचे बोलणे कितपत खरे ठरले, हे आता सांगता येते.

‘हिला सहा इंच पाणी पुरते’ हे त्याचे वाक्य खोटे नाही, अर्धे आहे. तिघे बसल्यावर बूड खरोखरच सहा-सात इंच बुडते; पण मोटरचा पंखा त्याच्याही खाली फूटभर जातो, म्हणून पाणी दीड फुटावर आले की मोटर उचलावी लागते आणि पुढचा प्रवास गावातच घेतलेल्या बांबूच्या जोरावर होतो. मासेमारी करणाऱ्या ढीवर बांधवांचे डोंगे या पाण्यात बांबूवर का चालतात, हे आम्हाला इतका खर्च केल्यावर उमगले.

नदीतली वाळू डोळ्यांना दिसते, पाण्याचा रंगही बदलतो. फुगवट्यात तसे काही नाही, कारण येथे पाण्याखाली शेते आहेत. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या या धरणाने वैनगंगेकाठच्या ज्या जमिनी पोटात घेतल्या, त्यांचे धुरे म्हणजे बांध, विहिरींची तोंडे आणि बाभळीचे खुंट अजून खाली आहेत, आणि उन्हाळ्यात पाणी उतरू लागले की दहा फूट खोलीतून जाणारी होडी अचानक धुऱ्यावर बसते. फेब्रुवारीतल्या एका रविवारी आमचे काका बरोबर होते. संपादनात गेलेली त्यांची धानाची शेती त्याच पट्ट्यात होती. ‘डावीकडे घे बाबू, समोर आपला धुरा आहे,’ असे ते म्हणाले, आणि बांबू टाकून पाहिला तर पाणी जेमतेम दोन हात होते. दिवसभर त्यांनी आम्हाला बांधी-बांधीने, म्हणजे धानाच्या एकेका वाफ्यावरून, नेले. एकदाही पंखा घासला नाही. त्यानंतर आम्ही बुडालेल्या गावाचा जुना नकाशा मिळवून त्याला प्लास्टिकचे आवरण घातले. गट क्रमांक पाहून होडी हाकणारे बहुधा आम्हीच असू.

त्या दिवशी सकाळी सातला निघून साडेनऊपर्यंत आंभोऱ्याच्या पुलाखाली पोहोचलो आणि काठावर डबा खाऊन दुपारी परतलो. वेग ताशी पाच किलोमीटरच्या आसपास, म्हणजे झपाझप चालणाऱ्या माणसाइतका. पक्षी उडत नाहीत आणि बोलणे ऐकू येते, हा विजेच्या मोटरचा खरा फायदा. परतीला मात्र वारा समोरून आला. सपाट बुडाची होडी अशा वेळी तोंड फिरवते, लाटा पुढून थापा मारतात आणि बॅटरी भराभर उतरते.

बॅटरीविषयी थोडे सविस्तर. सुरुवातीला आम्ही घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी वापरली. ती उचलायला दोन माणसे लागत. जानेवारीत घेतलेली १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी एका हाताने उचलते. पूर्ण वेगाला ही मोटर ५० अँपिअरपर्यंत घेते, म्हणजे दोन तासांत खेळ संपतो. निम्म्या वेगावर पूर्ण सकाळ निघते.

सर्वांत मोठा त्रास इकॉर्नियाचा. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे येथे येते आणि त्यावर ही जलपर्णी पोसली जाते. तिची मुळे पंख्यात अडकून मार्चमध्ये पंखा दांड्याला धरून ठेवणारी पिन तुटली. विक्रेत्याने चुकीच्या मापाची पिन पाठवली, फोन उचलणे बंद केले आणि आमचे तीन आठवडे वाया गेले; अखेर गावच्या लेथवाल्याने एका दुपारी पिन घडवून दिली. मासेमारीच्या जाळ्यांपासूनही दूर राहावे. जाळ्यांना बांधलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या तरंगताना दिसल्या की आम्ही मोटर उचलतो. लाइफ जॅकेट मात्र पाणी दीड फूट असले तरी कोणी काढत नाही, कारण पुढच्याच हातावर विहीर असू शकते.

होडी पुन्हा घ्यायची झाली तर हीच घेईन. मोटर मात्र आखूड दांड्याची घेईन आणि ती विकत घेण्याआधी दुकानदाराकडे पिनेचे माप मागेन. सध्या होडी गोठ्यात पालथी आहे. काका नकाशावर पेन्सिलीने विहिरी उतरवत आहेत. आतापर्यंत अकरा झाल्या.