'झिरो केलेली आहे, माउंटला हात लावू नका'

जुनी शिकारी रायफल घेताना या एका वाक्यावर मी फसलो. झिरो करणं म्हणजे ठरावीक अंतरावर गोळी नेमावरच लागेल असा स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, जुळवून ठेवणं. माउंट म्हणजे तो स्कोप रायफलीवर धरून ठेवणारं जोडकाम: खाली स्क्रूने बसवलेले बेस आणि वर स्कोपला कवळणाऱ्या रिंगा. वाक्य इतकं समंजस वाटतं की ऐकल्यावर आपल्यालाच संकोच होतो. विकणारे गृहस्थ वयाने मोठे, बोलायला मृदू. कागदपत्रं चोख, परवान्याचे सोपस्कार रीतसर. मी बेसचे स्क्रू तपासायला स्क्रूड्रायव्हर काढला, तेव्हा त्यांनी माझ्या हातावर हलकेच हात ठेवला आणि म्हणाले, "शंभर मीटरला झिरो करून ठेवलीय. माउंट हलवलंत तर सगळी मेहनत वाया जाईल. तुमच्याच सोयीसाठी सांगतोय." मी स्क्रूड्रायव्हर परत खिशात ठेवला.

मला हवी होती एक साधी, भरवशाची शिकारी बोल्ट-ॲक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने बोल्ट मागेपुढे करायची रायफल, .३०८ मापाच्या काडतुसाची. महिनाभर वाचन झालं होतं. माउझर ९८ चा लांब पंजाचा एक्स्ट्रॅक्टर मॅगझिनमधून वर येणाऱ्या काडतुसाची कड लगेच पकडतो, रेमिंग्टन ७०० चा बोल्ट काडतूस नुसतं पुढे ढकलत नेतो. या दोन्हींत चांगलं कोणतं यावर मी कितीतरी संध्याकाळी घालवल्या. आज वाटतं, तो सगळा वेळ भलत्याच प्रश्नावर गेला. दोन्ही जातींच्या रायफलींनी माणसांची उभी आयुष्यं सोबत केली आहे. स्कोप कशावर बसवलाय आणि कसा बसवलाय, हा प्रश्न मात्र मी दोन मिनिटांत उरकला.

रायफल दिसायला देखणी होती. अक्रोडाच्या दस्त्याला नवं पॉलिश, पोलादावर काळंभोर ब्लूइंग, वर ३-९x४० चा (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा) स्कोप. "माउझर ॲक्शनची शिकारी रायफल आहे, फॅक्टरीतून अशीच आलेली," असं मला सांगण्यात आलं. सोबत टार्गेटचा एक कागद दाखवला, त्यावर तीन भोकं एकमेकांना चिकटलेली. त्या कागदावर ना तारीख होती ना रायफलीचा नंबर. तो जगातल्या कुठल्याही रायफलीचा असू शकत होता, पण त्या वेळी हे सुचलं नाही.

खुणा मात्र डोळ्यांसमोर होत्या. स्कोपचा विंडेज नॉब (नेम डावी-उजवीकडे सरकवणारा) मी क्लिक मोजत उजवीकडे फिरवला, तर आठ क्लिकवर अडला. सरळ बसवलेल्या स्कोपला दोन्ही बाजूंना भरपूर फेरे शिल्लक राहतात. एकीकडे फक्त आठ क्लिक उरले असतील तर त्याचा अर्थ असा की खाली काहीतरी वाकडं आहे आणि ते झाकायला नॉब टोकापर्यंत ओढलाय. मी विचारलं, तर उत्तर मिळालं, "जुना स्कोप आहे, थोडा जड फिरतो." दुसरी खूण पुढच्या बेसवर होती. स्क्रूच्या खाचा खरवडलेल्या होत्या. फॅक्टरीतून जशीच्या तशी आलेल्या रायफलीच्या स्क्रूंवर इतकी झटापट का झाली असेल, हे विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

रेंजवर पहिल्या तीन गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या. पुढच्या तीन बारा सेंटीमीटर खाली. मला वाटलं आपलाच श्वास चुकला, ट्रिगर ओढताना हात हलला. एलिव्हेशन (नेम वर-खाली करणारा नॉब) वर घेतलं, पुन्हा तीन मारल्या, त्या आणखी खाली. विसाव्या गोळीपर्यंत मी कागदाच्या बाहेर होतो. मग रायफल रिकामी केली, बोल्ट काढून ठेवला, स्कोप मुठीत धरून जरा रेटला. बोटांना अगदी बारीक 'टिक' जाणवली.

त्याहून भीतीदायक गोष्ट झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी नळ्या, म्हणजे केसेस, गोळा करताना दिसली. पितळेच्या केसवर, बुडापासून साधारण सेंटीमीटरभर वर, एक चकचकीत कडी उमटली होती. एका केसवर नाही, जवळजवळ सगळ्यांवर. तिथे पितळ ताणलं जात होतं. मी त्या क्षणी सराव थांबवला, आणि त्या रायफलीतून त्यानंतर एकही गोळी सुटलेली नाही.

गनस्मिथने आधी मागचा बेस सोडवला. खालून नखाएवढा पत्र्याचा तुकडा पडला. कात्रीने कापलेला, एका बाजूला हिरवा रंग आणि अर्धं अक्षर छापलेलं. कुठल्यातरी डब्याचा पत्रा, पॅकिंग म्हणून घातलेला. पुढच्या बेसला दोन स्क्रू. एक करवतीने कापून आखूड केलेला, जेमतेम दीड आट्यावर तगून होता. दुसरा तर धरूनच नव्हता. त्या भोकातले आटे गेले होते, म्हणून भोक एपॉक्सीने भरून त्यात स्क्रूचं डोकं चिकटवलं होतं. बाहेरून पाहिलं तर चार घट्ट स्क्रू. मग त्याने रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या रायफलीच्या गाभ्यावर, पोलादी पट्टी ठेवली आणि मला वाकून पाहायला सांगितलं. पुढची भोकं उजवीकडे सरकलेली होती, नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. विंडेजचे आठच क्लिक का उरले होते ते तिथे कळलं.

इथे एक हिशोब प्रत्येकाने स्वतः करून पाहावा. दोन रिंगांमध्ये दहा सेंटीमीटर अंतर धरा. मागची रिंग फक्त ०.१ मिलिमीटर खाली बसली तर नजर हजारात एक या प्रमाणात तिरकी होते, म्हणजे शंभर मीटरवर दहा सेंटीमीटर. जाड्या केसाएवढा फरक. धक्क्यागणिक तो पत्रा दबत होता, सरकत होता आणि माझ्या गोळ्या खाली खाली जात होत्या. हे कागदावर घडलं म्हणून निभावलं. हरणाच्या छातीवरचा मर्मभाग वीस-पंचवीस सेंटीमीटरचा. मध्यावर नेम धरून दहा-पंधरा सेंटीमीटर खाली लागलेली गोळी जनावराला मारत नाही, ते पाय ओढत झाडीत जातं आणि आपल्याला सापडत नाही. या व्यवहारात मला सगळ्यात जास्त राग याचा आला.

बेस निघाल्यावर रायफलीची खरी जातही कळली. रिसीव्हरच्या मागच्या ब्रिजवर (कमानीसारख्या भागावर) लष्करी माउझरला काडतुसांची पट्टी अडकवण्यासाठी उंचवटा असतो. तो ग्राइंडरने उडवलेला होता आणि तोही ओबडधोबड, म्हणून तर पत्र्याचं पॅकिंग. रिसीव्हरच्या पुढच्या गोल भागाच्या माथ्यावरचे छाप कानशीने घासलेले. बोल्टचं मूळ हँडल खाली बसवलेल्या स्कोपला अडतं, म्हणून ते कापून दुसरं वेल्ड केलेलं, आणि त्या जागेवरचा बोल्टचा नंबर गायब. १८९८ च्या या रचनेवर बेतलेल्या रूपांतरित रायफली कसबी हातांनी केल्या तर अव्वल असतात, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार ही की मला फॅक्टरीची म्हणून सांगितली आणि काम ग्राइंडरने केलेलं निघालं.

नंतर गनस्मिथने बोल्टमधली फायरिंग पिन काढून ठेवली आणि चेंबरमध्ये हेडस्पेसचे गेज घातले. हेडस्पेस म्हणजे बोल्टच्या तोंडापासून चेंबरमध्ये काडतूस जिथे टेकतं तिथपर्यंतचं अंतर. .३०८ चा 'गो' गेज ४१.४० मिलिमीटरचा, त्यावर बोल्ट बंद व्हायला हवा. 'नो-गो' ४१.५० चा, त्यावर बंद होता कामा नये. आमचा बोल्ट नो-गोवर एका बोटाने, काही न अडता बंद झाला. पुन्हा तोच एक दशांश मिलिमीटर. केसेसवरची ती कडी या जादा जागेमुळेच. बोल्ट या रिसीव्हरचा नव्हताच, असं त्याचं म्हणणं, आणि वेल्डिंगची उष्णता कुठपर्यंत पोचली असेल हे कोण सांगणार? "हे बघा," तो म्हणाला, "माउंट नवं करता येईल, भोकंही भरून दुसरी पाडता येतील. पण ही मी तुम्हाला चालवा म्हणून देणार नाही."

मी फोन केला. पलीकडचा आवाज तितकाच मृदू होता. "तुम्ही माउंट काढलंत ना? आता मी कसा जबाबदार?" 'माउंटला हात लावू नका' हे वाक्य दोन कामं करत होतं, हे मला तेव्हा उमगलं. व्यवहाराआधी ते झाकण होतं आणि व्यवहारानंतर ढाल. 'कामं केलेली नाहीत, फॅक्टरीची आहे' हे मी लिहून घेतलं नव्हतं, माउंट जागेवर असतानाचे फोटोही काढले नव्हते. पैसे परत आले नाहीत.

झिरोची ती सबब मुळातच पोकळ आहे. दुसऱ्याच्या खांद्यावर, दुसऱ्या वजनाच्या गोळीने केलेला झिरो तुमच्या कामाचा नसतो. रायफल घेतल्यावर तो तुम्हाला पुन्हा करावाच लागतो. तेव्हा पैसे देण्याआधी, विकणाऱ्याच्या समोर, शक्यतो गनस्मिथच्या टेबलावर स्कोप आणि बेस उतरवा. स्क्रू पूर्ण लांबीचे आहेत का पाहा. पुढचा स्क्रू फार लांब असेल तर तो बोल्टला किंवा नळीच्या आट्यांना टेकतो, फार आखूड असेल तर धरत नाही, म्हणून मापाचाच लागतो. बोल्टवरचा नंबर रिसीव्हरशी जुळवा. गेज लावून घ्या. विकणारा नाही म्हणाला तर उठा.

माउंट निवडताना 'कोणतीही रिंग कशावरही बसते' हे ऐकून घेऊ नका. मलाही तेच सांगितलं होतं. टिक्का टी३ या रायफलीवर १७ मिलिमीटरचा डोव्हटेल (रिंग अडकवायची तिरक्या कडांची पट्टी) असतो, सीझेड ५५० वर १९ चा, साकोचा डोव्हटेल निमुळता, आणि रुगर ७७ ला तिच्या स्वतःच्याच रिंगा लागतात. रेमिंग्टन ७०० चा मागचा ब्रिज पुढच्यापेक्षा खाली असल्यामुळे तिचे दोन बेस वेगवेगळ्या उंचीचे, आणि एकसंध रेल घ्यायची तर शॉर्ट आणि लाँग ॲक्शनची (आखूड आणि लांब यंत्रणेची) वेगळी. खाचांच्या रेलचे पिकाटिनी आणि वीव्हर हे दोन प्रकार. पिकाटिनीच्या खाचा ५.२३ मिलिमीटर रुंद, वीव्हरच्या ४.५७, त्यामुळे वीव्हरची रिंग पिकाटिनीवर बहुतेक बसते, उलट सहसा नाही. स्कोपची नळी २५.४ मिलिमीटरची आहे की ३० ची, ते मोजून रिंगा घ्या. टेप गुंडाळून जमवलेलं काही चालवून घेऊ नका. स्क्रूंचं तेल पुसून टॉर्क रेंचने आवळा. रिंगांना बहुधा दोन न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतं, पण आकडा बनवणाऱ्याने दिलेलाच धरा.

ती रायफल अजून माझ्याकडे आहे, तिजोरीत, बोल्ट वेगळा ठेवून. दोघांनी विचारलं, विकतोस का. दिसायला ती आजही देखणीच आहे. मी ट्रिगर गार्डला सुतळीने एक जाड चिठ्ठी बांधली आहे. तिच्यावर लिहिलंय: 'नो-गोवर बंद होते. बोल्ट दुसऱ्या रायफलीचा. पुढचं एक भोक एपॉक्सीने भरलेलं. झाडू नये.' आणि चिठ्ठीच्या मागे तो हिरवा पत्रा चिकटवला आहे.