थिनर सोडून स्क्रीन वॉश: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

नागपूरच्या महाल भागात आमचं लहानसं स्क्रीन प्रिंटिंगचं काम आहे. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड आणि थोडे व्हिनाइल स्टिकर. दिवाळीनंतर स्क्रीन (फ्रेमवर ताणलेली छपाईची जाळी) धुण्यासाठी एनसी थिनर हे झटकन उडणारं सॉल्व्हंट बंद केलं आणि डायबेसिक एस्टर या संथ उडणाऱ्या सॉल्व्हंटचा स्क्रीन वॉश सुरू केला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दुकानदार नावावर विकतो आणि कॅनमध्ये काय आहे ते सांगत नाही. घेताना सेफ्टी डेटा शीट, म्हणजे आत काय आहे आणि धोके काय ते सांगणारा कागद मागा. देत नसेल तर दुसरं दुकान पाहा.

थिनरमधल्या टोल्युइनची वाफ ४ अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. डायबेसिक एस्टरचा तोच आकडा १०० अंशांच्या जवळ जातो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, त्यामुळे हा फरक कागदावरचा राहत नाही. त्यात हवा इतकी कोरडी की पॉलिस्टरच्या मेशवर (स्क्रीनच्या जाळीवर) कापड घासलं तरी स्टॅटिक तयार होतं. थिनरच्या वाफेत एक ठिणगी पुरते. आता कापडही सुतीच वापरतो.

रोजच्या कामात फरक दिसला तो उन्हाळ्यात. तेव्हा पत्रिकांची गर्दी असते आणि इंक मेशमध्ये लवकर सुकते. थिनर ओतलं की कापड लागेपर्यंत निम्मं उडून जायचं, मग पुन्हा ओता. वॉश मात्र मेशवर ओला राहतो. लावून दोन-चार मिनिटं थांबलं की इंक सैल पडते आणि एका पुसण्यात निघते. लिटरमागे वॉश महाग आहे, पण लागतो कमी. आमच्याकडे कामाला असलेला पोरगा पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "भाऊ, यानं तं डोकं नाही दुखत." थिनरच्या दिवसांत संध्याकाळी त्याचं डोकं हमखास धरायचं. तरी वास कमी म्हणून खोली बंद ठेवायची नाही. कूलर लावला तर समोरची खिडकी उघडीच हवी, आणि एक्झॉस्ट असेल तर खालच्या बाजूला. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत बसते. कूलरच्या दमट हवेत इमल्शन (डिझाइनबाहेरची जाळी बंद करणारा लेप) लावलेली स्क्रीन सुकायला वेळ घेते हा वेगळा ताप, ती दुसऱ्या खोलीत ठेवा.

आता खोट. वॉश पुसल्यावर मेशवर तेलकट थर राहतो. स्क्रीन डिकोट करायची, म्हणजे जुनं इमल्शन काढायचं असेल तर हा थर आधी साबणाच्या पाण्यानं काढलाच पाहिजे, कारण डिकोटिंग पावडरचं पाणी तेलातून आणि इंकमधून इमल्शनपर्यंत पोचत नाही. पावडरचं पाणी मेशवर सुकू दिलं तर इमल्शन कायमचं चिकटतं, मग मेश बदलण्याशिवाय इलाज नाही. आणि तीच स्क्रीन पुन्हा छापायची असेल तर पाणी लावूच नका. सॉल्व्हंट इंकसाठीचं इमल्शन बरेचदा पाण्यात नरम पडतं, कडा खराब होतात. तिथे कोरड्या सुती कापडानं दोनदा पुसणं बरं.

व्हिनाइल स्टिकरच्या पीव्हीसी इंकवर मात्र यानं पुरेसं काम केलं नाही. ओली असताना निघते, सुकली की नुसती फुगते. त्यासाठी सायक्लोहेक्झॅनोन या जहाल सॉल्व्हंटचा छोटा डबा ठेवावाच लागतो. त्याला नायट्राइलचे हातमोजे फार वेळ टिकत नाहीत, ब्युटाइल रबराचे घ्या. सर्जिकल ग्लोव्हजवर तर भरवसाच नको. स्क्विजीचं (इंक ओढायच्या पट्टीचं) रबरही वॉशमध्ये बुडवून ठेवू नका. पॉलियुरेथेन फुगतं, धार जाते आणि छपाईत रेघा येतात. पुसा आणि उभी टांगून ठेवा.

जुन्या स्क्रीनवर उरलेली घोस्ट इमेज, म्हणजे आधीच्या डिझाइनचा पुसट डाग, या वॉशनं जात नाही, तसा दावा दुकानात ऐकला तरी. ती काढायला कॉस्टिकचा हेझ रिमूव्हर वेगळा लागतो आणि त्यापासून डोळे-कातडी दोन्ही सांभाळावी लागतात.

वापरलेला वॉश मोरीत ओतू नका. आमच्या भागातलं पाणी नाग नदीला मिळतं आणि तिथून कन्हानमार्गे वैनगंगेत जातं. आम्ही तो झाकणाच्या डब्यात साठवतो. गाळ तळाला बसला की वरचा भाग पहिल्या पुसण्यासाठी पुन्हा वापरतो. गाळ आणि मळक्या चिंध्या पत्र्याच्या झाकणबंद डब्यात राहतात, आणि साचल्या की ओळखीच्या एका युनिटच्या घातक कचऱ्याबरोबर बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत विल्हेवाटीला जातात.

एकंदरीत पत्रिका-कार्डाच्या कामाला हा वॉश पाच पैकी चार, पीव्हीसीच्या कामाला दोन. पुढच्या सीझनला ५ लिटरचा घेणार नाही, २० लिटरचा कॅन स्वस्त पडतो. फक्त तो गच्चीवर उन्हात ठेवायचा नाही, झाकण घट्ट करून सावलीत.